१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : चौसष्ट एकांच्या संख्येची घडण

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. चौसष्ट बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ मावणारी एक जागा) चिन्हविरहित, म्हणजे ऋण संख्या न साठवणाऱ्या चलामध्ये शून्य असताना प्रोग्रामने त्यातून एक वजा केला आणि पडद्यावर १८४४६७४४०७३७०९५५१६१५ ही वीस अंकी संख्या उमटली. ही संख्या आली कुठून, ती मूळ आहे का, आणि नसल्यास तिचे अवयव संगणकाशिवाय काढता येतात का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मूळ असण्याचा प्रश्न लगेच निकालात निघतो, कारण शेवटचा अंक ५ आहे. अंकांची बेरीज ८७ येते, म्हणजे ३ नेही भाग जातो, पण ९ ने जात नाही. अवयवांचा प्रश्न मात्र सावकाश पाहण्याजोगा आहे. अंकसिद्धान्त आणि प्रोग्रामिंग हे दोन्ही विषय मी अनेक वर्षे शिकवत आलो आहे आणि या एका संख्येपाशी दरवर्षी मुद्दाम थांबतो, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

आधी ती आली कुठून ते पाहू. चौसष्ट बिटांत ० पासून सुरुवात करून एकूण २ चा ६४ वा घात इतक्या संख्या मावतात. त्यानंतर घड्याळाच्या काट्याप्रमाणे गणना पुन्हा शून्यावर येते, त्यामुळे शून्याच्या एक घर मागे गेले की शेवटची, म्हणजे सर्वांत मोठी संख्या हाती लागते. म्हणून आपली संख्या म्हणजे २ चा ६४ वा घात वजा १, आणि द्विमान पद्धतीत ती लागोपाठ चौसष्ट एक अशी लिहिली जाते. १ + २ + ४ + ८ अशी दुपटीने वाढणारी चौसष्ट पदांची बेरीजही हीच. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात धान्याचा एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात आधीच्या दुप्पट दाणे ठेवण्याची गोष्ट आपण ऐकलीच असेल. अल् बिरुनी यांनी इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या कालगणनेवरील ग्रंथात ही बेरीज शेवटच्या अंकापर्यंत बरोबर दिली आहे. तांदळाचा एक दाणा २५ मिलिग्रॅमचा धरला तर ही रास सुमारे ४६,००० कोटी टन होते. आजच्या जगातील तांदळाच्या उत्पादनाच्या मानाने ते साधारण नऊशे वर्षांचे पीक ठरेल.

हातानेच ही संख्या काढायची तर चौसष्ट वेळा दुप्पट करण्याची गरज नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त गुणोत्तर श्रेढीचा नियम आहे: पदांची संख्या विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ अशी खूण करावी, सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ अशी खूण करावी, आणि मग शेवटच्या खुणेपासून उलट यावे. त्याच ठिकाणी पहिल्या दिवशी दोन कवड्या देऊन रोज दुप्पट दान करणाऱ्या दात्याचे उदाहरण आहे आणि तीस दिवसांच्या दानाच्या कवड्या २१४७४८३६४६ येतात. संगणक वापरणाऱ्याला ही संख्या पाहताच ओळख पटते, कारण ती २ च्या ३१ व्या घातापेक्षा फक्त दोनने कमी आहे. चौसष्टचे निम्मे, त्याचे निम्मे असे करत गेल्यास विषम संख्या मध्ये कुठेच येत नाही, म्हणून आपल्या बाबतीत सहा वेळा केवळ वर्ग करायचा आहे: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६ आणि अखेर १८४४६७४४०७३७०९५५१६१६. त्यातून एक वजा केला की काम झाले. ‘लीलावती’तील स्थाननामे परार्धापाशी, म्हणजे १० च्या १७ व्या घातापाशी थांबतात, आणि त्या भाषेत आपली संख्या १८४ परार्ध, ४ मध्य, ६ अंत्य, ७ जलधी, ४ शंकू, ४ महापद्म, ७ खर्व, ३ अब्ज, ७ अर्बुद, ९ प्रयुत, ५ लक्ष, ५ अयुत, १ सहस्र, ६ शत, १ दश आणि ५ अशी वाचावी लागते. निखर्व आणि कोटी या दोन स्थानी शून्य आहे.

पुढे जाण्यापूर्वी एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. ही संख्या दशांश अपूर्णांकांसाठीच्या नेहमीच्या दुहेरी अचूकतेच्या चलात साठवली, तर त्या चलात ५३ बिटांइतकीच अचूकता असल्यामुळे ती एकने वाढून २ चा नेमका ६४ वा घात होते. माझ्या वर्गातील एका विद्यार्थ्याने मोठ्या मेहनतीने अवयव काढणारा प्रोग्राम लिहून आणला होता आणि उत्तरात २ हा अवयव चौसष्ट वेळा छापून आला होता. त्याचे भागाकार सगळे बरोबर होते, पण ज्या संख्येचे अवयव पडले ती त्याने दिलेली संख्याच नव्हती. हिशेबाच्या तक्त्यात (स्प्रेडशीटमध्ये) ही संख्या टाकली तरी पंधरा अंकच टिकतात आणि शेवटच्या पाच जागी शून्ये बसतात. म्हणून पूर्णांकांचेच चल वापरावे, आणि विषम संख्येला २ ने भाग गेल्याचे दिसले तर प्रथम साठवणुकीकडे पाहावे.

आता अवयव. दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतील सूत्र येथे पुन्हा पुन्हा लागू पडते. २ चा ६४ वा घात वजा १ म्हणजे (२ चा ३२ वा घात वजा १) गुणिले (२ चा ३२ वा घात अधिक १). पहिल्या कंसाचे पुन्हा तसेच दोन भाग होतात, आणि हे पार खालपर्यंत चालते. शेवटी ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ असे सहा गुणक उरतात. प्रत्येक गुणक हा २ चा एक घात अधिक १ असा आहे आणि ते घात १, २, ४, ८, १६, ३२ असे दुपटीने वाढतात. यांनाच फर्मा संख्या म्हणतात. यांतील कोणत्याही दोघींना सामाईक अवयव नसतो, कारण पहिल्या काही फर्मा संख्यांचा गुणाकार पुढच्या फर्मा संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी असतो. दोन फर्मा संख्यांना सामाईक अवयव असलाच तर त्याने २ ला भागले पाहिजे, पण या सर्व संख्या विषम आहेत.

३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पाचही मूळ आहेत. फर्मा यांनी १६४० च्या सुमारास अशी धारणा मांडली की हा क्रम असाच पुढे चालेल आणि या घडणीची प्रत्येक संख्या मूळ असेल. तसे झाले असते तर आपल्या संख्येला बरोबर सहा मूळ अवयव मिळाले असते. ३, १५, २५५, ६५५३५, ४२९४९६७२९५ या तिच्या धाकट्या भावंडांकडे पाहा: प्रत्येकीत आधीच्यापेक्षा नेमका एक नवा मूळ अवयव येतो. आपल्या संख्येपाशी हा नियम पहिल्यांदा मोडतो, आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म आहे.

तो कसा मोडतो हे समजण्यासाठी बाक्यांचा विचार करावा लागतो. २ च्या घातांना ७ ने भागत गेल्यास बाक्या २, ४, १, २, ४, १ अशा तीनतीनच्या चक्रात फिरतात. आपल्या संख्येला ७ ने भाग जाण्यासाठी २ च्या ६४ व्या घाताची बाकी १ यायला हवी, म्हणजे चक्राच्या लांबीने ६४ ला भाग जायला हवा. ३ ने तो जात नाही, म्हणून ७ बाद. ११ चे चक्र १० चे आणि १३ चे १२ चे आहे, म्हणून तेही बाद. एकूण, ज्या मूळ संख्येचे चक्र २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ लांबीचे आहे तीच आपल्या संख्येचा अवयव होऊ शकते. ३ चे चक्र २ चे, ५ चे ४ चे, १७ चे ८ चे, २५७ चे १६ चे आणि ६५५३७ चे ३२ चे आहे. ४२९४९६७२९७ ला ज्या मूळ संख्येने भाग जाईल तिच्याबाबतीत २ च्या ३२ व्या घाताची बाकी वजा १ येते, त्यामुळे तिचे चक्र ३२ किंवा त्याहून लहान असूच शकत नाही, ते नेमके ६४ चे असते. चक्राच्या लांबीने मूळ संख्या वजा १ ला नेहमी भाग जातो, हे फर्मा यांच्याच लघुप्रमेयावरून येते. म्हणून अशी मूळ संख्या ६४ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असलीच पाहिजे.

आता शोध किती सोपा झाला ते पाहा. ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१ या दहा संख्यांत मूळ फक्त पाच आहेत: १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. २५७ ही स्वतःच फर्मा संख्या असल्याने तिचा विचार करायचा नाही. उरलेल्यांपैकी पहिल्या तिघींनी भाग जात नाही, आणि चौथ्या भागाकारात, म्हणजे ६४१ ने भागल्यावर, बाकी शून्य येते आणि भागाकार ६७००४१७ मिळतो. लिओनार्ड ऑयलर यांनी १७३२ साली हा अवयव दाखवून फर्मा यांची धारणा खोटी ठरवली.

६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही सिद्ध होते, आणि ती सिद्धता मला इतकी आवडते की ती येथे दिल्यावाचून राहवत नाही. ६४१ दोन प्रकारे लिहा: ६४० अधिक १, म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात अधिक १, आणि ६२५ अधिक १६, म्हणजे ५ चा ४ था घात अधिक २ चा ४ था घात. पहिल्या रूपावरून, ६४१ ने भागल्यावर ५ गुणिले २ चा ७ वा घात यांची बाकी वजा १ आहे. त्याचा चौथा घात केला की ५ चा ४ था घात गुणिले २ चा २८ वा घात यांची बाकी १ येते. दुसऱ्या रूपावरून, बाकीच्या हिशेबात ५ च्या ४ थ्या घाताच्या जागी वजा २ चा ४ था घात घालता येतो. तो घातल्यावर वजा २ चा ३२ वा घात याची बाकी १ ठरते, म्हणजेच २ चा ३२ वा घात अधिक १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. सगळे काम कागदाच्या तीन ओळींत होते.

६७००४१७ मूळ आहे का, हा पुढचा प्रश्न विद्यार्थी सहसा विसरतात. तिचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे वर आहे, म्हणून एरवी तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहावे लागले असते. येथे एदुआर ल्यूका यांची सुधारणा उपयोगी पडते. मूळ संख्या ८ च्या पटीपेक्षा १ ने मोठी असेल तर जिच्या वर्गाची बाकी २ येते अशी एक संख्या मिळते, तिचे चक्र २ च्या चक्राच्या दुप्पट, म्हणजे १२८ चे असते, आणि त्यामुळे आपला अवयव १२८ च्या पटीपेक्षा १ ने मोठा असावा लागतो. २५८८ पर्यंत अशा मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९. त्यांनी ६७००४१७ ला भागल्यास बाक्या अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ येतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७००४१७ मूळ आहे. आपण हे पाच भागाकार स्वतः करून पाहावेत असे मी आग्रहाने सुचवेन, अर्ध्या तासाचेही काम नाही. आपल्या संख्येचे पूर्ण अवयव म्हणजे ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. सातही वेगवेगळे आहेत आणि प्रत्येक एकदाच येतो.

यावरून बाकीचे गुणधर्म भराभर मिळतात. सात वेगळ्या मूळ अवयवांमुळे तिला २ चा ७ वा घात, म्हणजे १२८ विभाजक आहेत. ती सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज तिच्या सुमारे ०.७० पट भरते, त्यामुळे ती न्यून संख्या आहे. तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या लहान संख्यांचे प्रमाण निम्म्याहून किंचित कमी, सुमारे ०.४९९२ आहे. भूमितीकडे पाहिले तर पट्टी आणि कंपास यांनी विषम बाजूंचा सुसम बहुभुज तेव्हाच काढता येतो, जेव्हा बाजूंची संख्या ही वेगवेगळ्या मूळ फर्मा संख्यांचा गुणाकार असते. गाउस यांनी १७९६ साली १७ बाजूंच्या बहुभुजापासून ही वाट उघडली आणि १८३७ साली वांत्झेल यांनी ही अट अटळ असल्याचे सिद्ध केले. आज माहीत असलेल्या अशा विषम बाजूसंख्यांत सर्वांत मोठी ४२९४९६७२९५ आहे. आपली संख्या त्या यादीत येत नाही, कारण ६४१ आणि ६७००४१७ फर्मा संख्या नाहीत.

वर्गांच्या बाबतीत ती अगदी अबोल आहे. ८ ने भागल्यावर तिची बाकी ७ येते, म्हणून ती स्वतः वर्ग नाही, दोन वर्गांची बेरीज नाही आणि तीन वर्गांचीही नाही. तिला पूर्ण चार वर्ग लागतात. ती त्रिकोणी संख्या आहे का, म्हणजे १ + २ + ३ अशी सलग बेरीज आहे का, हा प्रश्न मात्र थेट रामानुजन यांच्यापर्यंत पोहोचवतो. त्रिकोणी संख्येच्या ८ पटीत १ मिळवला की पूर्ण वर्ग येतो, म्हणून २ चा ६७ वा घात वजा ७ हा पूर्ण वर्ग आहे का हे तपासायचे. २ चा कोणता घात वजा ७ पूर्ण वर्ग असतो हा प्रश्न रामानुजन यांनी १९१३ साली मांडला आणि असे घात ३, ४, ५, ७ व १५ एवढेच असल्याचे सांगितले. त्याची सिद्धता ट्रिग्वे नागेल यांनी १९४८ साली दिली. ६७ त्यांत नाही, म्हणून आपली संख्या त्रिकोणी नाही, आणि या कुळातील शेवटची त्रिकोणी संख्या ४०९५ हीच राहते.

शेजारीही पाहून घेऊ. तिच्या पुढे एकावर २ चा शुद्ध घात आहे आणि दोनवर १८४४६७४४०७३७०९५५१६१७ ही पुढची फर्मा संख्या. तिचे अवयव २७४१७७ आणि ६७२८०४२१३१०७२१ आहेत, आणि ते लांद्री यांनी १८८० साली, वयाच्या ८२ व्या वर्षी प्रसिद्ध केले. आपल्या संख्येच्या खालची सर्वांत जवळची मूळ संख्या ५८ ने लहान आहे आणि वरची १४ ने मोठी.

आपण प्रोग्राम लिहिता, म्हणून या अवयवांचा रोजच्या कामातील उपयोग सांगतो. चौसष्ट बिटांच्या एखाद्या संख्येत १ असलेली बिटे किती आहेत हे मोजताना आपण जे मुखवटे, म्हणजे ठरावीक बिटेच निवडून घेणाऱ्या संख्या वापरतो, ते याच संख्येचे विभाजक आहेत. एकाआड एक बिटाचा ०१०१ असा मुखवटा म्हणजे आपली संख्या भागिले ३, दोनाआड दोन बिटांचा ००११ असा मुखवटा म्हणजे भागिले ५, चाराआड चार म्हणजे भागिले १७, आठाआड आठ म्हणजे भागिले २५७, सोळाआड सोळा म्हणजे भागिले ६५५३७. शेवटचा, खालच्या बत्तीस बिटांचा मुखवटा म्हणजे भागिले ४२९४९६७२९७, आणि मूळ नसलेला भाजक हाच एक.

दुसरा उपयोग यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या प्रोग्रामांत आहे. बिटे सरकवून आणि एकमेकांत मिसळून चालणारा जो चौसष्ट बिटांचा जनक जॉर्ज मार्साग्लिया यांनी २००३ साली मांडला, त्याचा पूर्ण फेरा बरोबर आपल्या संख्येइतका असतो: शून्य सोडून प्रत्येक अवस्था एकेकदा येते. सरकवण्याचे आकडे बदलून आपण स्वतःचा असा जनक बनवला तर त्याचा फेरा पूर्ण आहे का हे चालवून पाहणे अशक्य आहे, कारण सेकंदाला १०० कोटी पावले टाकली तरी सुमारे ५८४ वर्षे लागतील. त्याऐवजी एका पावलाची सारणी (मॅट्रिक्स) घेऊन तिचे घात वर्ग करत करत काढावेत. आपल्या संख्येइतक्या घातावर एकक सारणी आली पाहिजे, आणि आपली संख्या भागिले ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ व ६७००४१७ या सात घातांपैकी एकावरही ती येता कामा नये. पहिल्या पाच फर्मा संख्यांवर थांबून ६४१ ची तपासणी गाळली, तर २८७७८०७१८७७८६२०१५ पावलांनी परत फिरणारा सदोष जनक चाळणीतून निसटू शकतो, आणि तो दोष चालवून शोधायचा म्हटले तर त्याच वेगाने सुमारे ३३३ दिवस यंत्र अखंड चालू ठेवावे लागेल.